वाचक अकरा वर्षांचा, खिसा बाबांचा

शाळेच्या हॉलमध्ये पुस्तक प्रदर्शन लागलं की पालकसभेच्या दिवशी एक दृश्य हमखास दिसतं. टेबलाच्या एका टोकाला पाचवी-सहावीतला पोरगा भुताच्या, चोराच्या नाहीतर किल्ल्यातल्या चोरवाटेच्या पुस्तकात नाक खुपसून उभा असतो. दुसऱ्या टोकाला आई थोर शास्त्रज्ञांची चरित्रं चाळत असते. मग वाटाघाटी सुरू होतात. "हे घे की, यात माहितीपण आहे." "मला हेच हवंय." "एकदा वाचलंस की पडून राहणार ते." शेवटी पिशवीत शास्त्रज्ञ जातात. भुताची किंमत शंभराच्या आत असेल, तर त्यांच्या मागोमाग भूतही जातं.

नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याला टेबलाची ही दोन्ही टोकं सांभाळावी लागतात. चार वर्षांच्या मुलाला स्वतःची निवड फारशी नसते, आई आणेल ते चित्रांचं पुस्तक त्याला चालतं. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात थोडेफार पैसे असतात, मोबाइल असतो, तो स्वतः मागवू शकतो. मधल्या या चार-पाच वर्षांत मात्र आवड पक्की झालेली असते आणि पाकीट दुसऱ्याचं असतं. लिहायचं एकासाठी, विकायचं दुसऱ्याला. या प्रकारच्या पुस्तकांचे बहुतेक गुणदोष इथूनच येतात. माझ्या मते मराठीत आपण विकण्याची बाजू सांभाळता सांभाळता लिहिण्याची बाजू बरीचशी त्या पाकिटवाल्याच्याच हाती दिली.

आधी हा वाचक नीट पाहू. जीन चॉल या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८३ साली वाचनाच्या टप्प्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी आजही शिक्षक वापरतात. पहिली-दुसरी-तिसरीत मूल वाचायला शिकतं, चौथीच्या आसपास ते शिकण्यासाठी वाचायला लागतं. इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं आता पुस्तकातून वाचून समजून घ्यायचं असतं. ज्यांचं वाचन अजून सरावाचं झालेलं नसतं, ती मुलं नेमकी इथे मागे पडू लागतात आणि वाचन म्हणजे अभ्यास हे समीकरण डोक्यात बसतं. म्हणजे गोष्टीच्या पुस्तकाची सगळ्यात जास्त गरज असते त्याच वर्षांत पाठ्यपुस्तक मुलाला वाचनाचा कंटाळा आणत असतं.

दुसरी गोष्ट स्वाभिमानाची. या वयाच्या मुलाला 'लहान मुलांचं' म्हटलेलं खपत नाही. मुखपृष्ठावर हसरं फुलपाखरू असेल, तर आतला मजकूर कितीही थरारक असो, सहावीतला मुलगा ते वर्गात काढणार नाही. आपल्यापेक्षा मोठ्यांबद्दल वाचायला त्याला आवडतं, धाकट्यांबद्दल नाही. म्हणून या पुस्तकांतला नायक वाचकापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा ठेवायची रीत जगभर आहे. दहा वर्षांच्या वाचकासाठी बारा वर्षांचा नायक. नायक आठ वर्षांचा केला की अर्धे वाचक पहिल्या पानावरच गळतात.

आणि या नायकाला आई-वडिलांपासून सोडवावं लागतं. हा सगळ्यात अवघड तांत्रिक प्रश्न, आणि नवीन लेखक इथेच सर्वाधिक अडखळतात. घरात शहाणे, प्रेमळ, मोबाइल जवळ असलेले आई-बाबा असतील तर बारा वर्षांच्या मुलीनं चोराचा पाठलाग का करावा? तिनं बाबांना फोन करावा, बाबांनी पोलिसांना करावा आणि दुसऱ्या प्रकरणात कादंबरी संपावी. एनिड ब्लायटननं हा प्रश्न सुट्ट्यांनी सोडवला. तिचे पाच साहसवीर १९४२ साली पहिल्यांदा आले ते सुट्टीला काकांकडे, आणि काका स्वतःच्या प्रयोगांत बुडालेले. तिची योजना थोड्याच पुस्तकांची होती. मुलांच्या मागणीपुढे आकडा एकवीसवर गेला. 'हॅरी पॉटर'च्या रोलिंगबाईंनी नायक अनाथ केला आणि वसतिगृहाच्या शाळेत पाठवला, म्हणजे एकाच वेळी दोन कुलपं उघडली. सत्यजित राय यांनी वेगळीच युक्ती केली. त्यांचा फेलूदा हा प्रौढ गुप्तहेर, पण गोष्ट सांगतो त्याचा चुलतभाऊ तोपशे, जो १९६५ सालच्या पहिल्या कथेत साडेतेरा वर्षांचा आहे. त्यामुळे तपास मोठ्या माणसाच्या अकलेनं होतो आणि डोळे मात्र मुलाचे राहतात. फेलूदाच्या कथांत बायका जवळपास नाहीतच ही तक्रार रास्त आहे. मुलींना त्या जगात शिरायला दार सापडत नाही.

मराठीतलं उत्तर भा. रा. भागवतांनी शोधलं आणि ते मला या सगळ्यांत सर्वांत साधं आणि चोख वाटतं. त्यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा मूळचा फुरसुंगीचा. घर पुण्यापासून फार लांब नाही, पण रोज पालकांच्या नजरेखालीही नाही. तो पुण्यात विद्याभवनच्या वसतिगृहात राहतो. सायकल आहे, मित्र आहे, सुट्टी लागली की कुणाबरोबर तरी कुठे तरी जायची सोय आहे. आई-वडील जिवंत आहेत, चांगले आहेत आणि गोष्टीत आडवे येत नाहीत. एवढ्या तीन-चार सोयींवर भागवतांनी वीसेक पुस्तकं उभी केली, प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत. पोरगा अंगानं किडकिडीत, शक्तीचा नव्हे तर चपळाईचा आणि डोक्याचा. हेही हिशेबानं केलेलं असावं, कारण व्यायामशाळेतला पैलवान वर्गात एखादाच असतो, काटकुळी पोरं पन्नास असतात.

पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, सुमीत राघवन फास्टर फेणे झाला, तेव्हा तो मुलगाच होता. २०१७ साली सिनेमा आला तेव्हा अमेय वाघनं रंगवलेला फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसण्याच्या वयाचा होता. सिनेमा चांगला चालला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिकीट काढणाऱ्याचं वय वाढलं तसं नायकाचंही वाढलं, आणि अकरा वर्षांचा वाचक आपल्याच नायकापासून दोन इयत्ता नव्हे, सहा-सात इयत्ता मागे पडला.

आता भाषेकडे येऊ. खिशाचा मालक गोष्टीत कसा शिरतो ते वाक्यांतच दिसतं. समजा कादंबरी अशी सुरू झाली: "समीर हा सहावीत शिकणारा एक हुशार व आज्ञाधारक मुलगा होता. त्याला निसर्गाची फार आवड होती." ही दोन वाक्यं कुणासाठी आहेत? समीरच्या वयाच्या एकाही मुलाला समीर आज्ञाधारक आहे हे कळण्याची निकड नसते. ती वाक्यं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या आईसाठी आहेत, पुस्तक निर्धोक असल्याचा दाखला म्हणून. आता हेच असं लिहून पाहू: "कुलूप जागच्या जागी होतं. दार मात्र उघडं होतं. समीरनं चप्पल हातात घेतली." पहिल्या उताऱ्यात समीरबद्दल दोन गोष्टी सांगितल्या, दुसऱ्यात एकही सांगितली नाही. तरी दुसऱ्या उताऱ्यातला समीर आपल्याला जास्त माहीत झाला, कारण त्यानं चप्पल काढण्याआधी क्षणभर विचार केला. हे या वयाच्या मुलांना फार पटकन कळतं. समजावून सांगितलेलं मात्र त्यांना अजिबात आवडत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग 'श्यामची आई'चं काय? साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं हे पुस्तक संस्काराचं म्हणूनच ओळखलं जातं आणि तरी पिढ्यानपिढ्या मुलांनी वाचलं. बरोबर आहे. पण ते मुलांना का धरतं हे नीट पाहावं. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, मार खातो, चुकतो, रडतो. तो आज्ञाधारक मुलगा नाहीच, आणि तो हे सगळं स्वतःच्या तोंडानं कबूल करतो. शिवाय बांधणी रात्रींची आहे. एका रात्री एक गोष्ट, मग उद्या पुढची, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे रोज झोपताना एक प्रकरण वाचून पुस्तक मिटायची आणि उद्याची वाट बघायची सोय लेखकानंच करून ठेवली आहे. गुरुजींच्या नंतर ज्यांनी त्यांची नक्कल केली त्यांनी आईचा उपदेश उचलला, श्यामची खोडी वगळली. त्यामुळे पुढची कैक वर्षं मराठी कुमारसाहित्यात डोळे पाणावणाऱ्या माता पुष्कळ झाल्या आणि लपून बसणारी पोरं कमी. ना. धों. ताम्हनकरांची गोट्या आणि चिंगी ही दोन नावं आजही आजोबांच्या पिढीला लख्ख आठवतात, याचं कारण ताम्हनकरांना व्रात्यपणाची मनापासून गंमत वाटत होती.

प्रकरणाच्या शेवटाबद्दल थोडं. आर. एल. स्टाइन या अमेरिकी लेखकाची 'गूजबम्प्स' मालिका १९९२ च्या जुलैत सुरू झाली. स्टाइन आधी शीर्षक ठरवतो आणि मग त्या शीर्षकाला शोभेल अशी गोष्ट रचतो. जवळपास प्रत्येक प्रकरण तो अशा ठिकाणी तोडतो की पान उलटल्याशिवाय गत्यंतर नसतं: दाराची कडी आपोआप हलते, आणि प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत कळतं की ते मांजर होतं. मोठा वाचक यावर चिडेल. दहा वर्षांचा चिडत नाही, तो खूश होतो, कारण त्याला भीती हवी असते, पण सुटकेची खात्रीही हवी असते. स्टाइन ती खात्री कधी मोडत नाही. वाङ्मयीन मूल्य वगैरे बाजूला ठेवू. संथ वाचणाऱ्या मुलाला एकशेवीस पानांचं पुस्तक शेवटपर्यंत न्यायचं असेल तर या कडीकोयंड्याच्या युक्तीला पर्याय नाही, आणि पहिलं पुस्तक शेवटपर्यंत वाचून होणं ही त्या मुलाच्या आयुष्यातली मोठी घटना असते.

मराठीत या प्रश्नाला आज एक जास्तीचा पदर आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. शहरांतली आणि आता तालुक्यांच्या गावांतलीही पुष्कळ मराठी मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांचं बोलणं मराठी, घर मराठी, पण देवनागरी वाचनाचा वेग इंग्रजीपेक्षा कमी. अकरा वर्षांच्या अशा मुलीला इंग्रजीत जाडजूड कादंबरी दोन दिवसांत संपते, आणि मराठीतलं एक पान जोडाक्षरांवर ठेचकाळत जातं. तिला आपण काय देतो? सोपं वाचायला म्हणून ससा-कासव देतो. वाचन झेपतं, पण विषय सहा वर्षांच्या मुलाचा असतो, त्यामुळे अपमान होतो. वयाला शोभेलशी कादंबरी दिली तर वाक्यं लांब, टाइप बारीक, आणि 'तथापि', 'किंबहुना', 'यत्किंचित' यांची गर्दी. तिला हवं असतं विषयानं अकरा वर्षांचं आणि वाचायला नऊ वर्षांचं पुस्तक. एडिनबर्गला १९९८ साली सुरू झालेल्या बॅरिंग्टन स्टोक या प्रकाशन संस्थेनं नेमकं हेच काम केलं. वाचायला जड जाणाऱ्या मुलांसाठी नामवंत लेखकांकडून छोट्या, थरारक, वयाला साजेशा कादंबऱ्या लिहून घेतल्या, त्या खास टाइपात आणि पिवळसर कागदावर मोकळ्या ओळींत छापल्या. यात भाषा पातळ करायची नसते. वाक्य छोटं ठेवायचं, संवाद जास्त, वर्णन कामापुरतं, आणि शब्द घरात बोलले जातात तेच. अशी मराठी पुस्तकं निघाली तर ठाण्या-पुण्यातल्या मुलांइतकीच ती महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत जाणाऱ्या न्यू जर्सीच्या किंवा लंडनच्या मुलांच्याही कामी येतील. तिथल्या शिक्षकांची अडचण अगदी हीच असते.

शब्दांबाबत एक बारीक गोष्ट. मुलांच्या तोंडचे संवाद लिहिताना आजची बोली आणायचा मोह होतो. ती आणावीच, पण दोन वर्षांत शिळी होणारी तेवढी टाळावी. या वर्षी मुलं ज्या शब्दावर हसतात तो शब्द पुस्तक छापून येईपर्यंत धाकट्या भावंडांनाही जुना झालेला असतो. त्यापेक्षा मुलं एकमेकांना कशा हाका मारतात, भांडताना वाक्य कुठे तोडतात, खोटं बोलताना किती तपशील घालतात हे ऐकावं. ते पन्नास वर्षं टिकतं.

आता विक्रीकडे. इथे इतिहास मोठा गमतीदार आहे. अमेरिकेत एडवर्ड स्ट्रॅटेमेयर नावाच्या लेखकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांच्या कादंबऱ्यांचा जवळजवळ कारखाना काढला. तो कथेचा आराखडा तयार करायचा, भाडोत्री लेखक ठरलेल्या रकमेत कादंबरी लिहून द्यायचे आणि हक्क सोडायचे. मुखपृष्ठावर नाव भलत्याच काल्पनिक लेखकाचं. हार्डी बॉइज १९२७ साली आले, नॅन्सी ड्रू १९३० साली. नॅन्सीची सुरुवातीची पुस्तकं लिहिणाऱ्या मिल्ड्रेड वर्ट यांना एका पुस्तकाचे सव्वाशे डॉलर मिळत, आणि 'कॅरोलिन कीन' म्हणजे आपण, हे जगाला कळायला अनेक दशकं जावी लागली. लेखकांवर हा अन्याय होता यात शंका नाही. पण विक्रीची एक गोष्ट स्ट्रॅटेमेयरला अचूक समजली होती. तो नवी मालिका सुरू करताना तीन पुस्तकं एकदम बाजारात आणायचा. एक वाचून संपलं की मूल त्याच संध्याकाळी दुसरं मागतं, आणि ते तेव्हा दुकानात नसेल तर भूक मरते. तीन एकदम असली की तिसऱ्यापर्यंत सवय लागते. किंमत पन्नास सेंट, म्हणजे खाऊच्या पैशांतून जमवता येण्याजोगी. या किमतीमुळे खिशाचा प्रश्नच बराचसा सुटला, कारण मूल आईला न विचारता पुस्तक घेऊ शकत होतं.

यावर मोठ्यांचा संताप झाला नसता तरच नवल. बालवीर संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ साली अशी पुस्तकं पोरांची डोकी उडवून देतात अशा अर्थाचा जळजळीत लेख लिहिला. अनेक ग्रंथालयांनी ही पुस्तकं ठेवायलाच नकार दिला. मुलांनी ती एकमेकांत अदलाबदल करून वाचली. इथे विक्रीचं खरं यंत्र दिसतं. या वयात जाहिरात आई-बाबांना दिसते, शिफारस मात्र शेजारच्या बाकावरून येते.

याचा आणखी एक दाखला. 'हॅरी पॉटर'चं हस्तलिखित बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवल्यावर ब्लूम्सबरीच्या प्रमुखांनी त्याचा पहिला भाग आपल्या आठ वर्षांच्या मुलीला वाचायला दिला. तिनं पुढचं मागितलं, आणि १९९७ साली पुस्तक निघालं, पहिली पुठ्ठा बांधणीची आवृत्ती अवघी ५०० प्रतींची. उलट्या बाजूचं उदाहरण जेफ किनीचं. त्याची 'विम्पी किड' ही डायरी मोठ्यांसाठी, बालपणाच्या आठवणी म्हणून लिहिलेली होती. हे मुलांचं पुस्तक आहे हे संपादकाला दिसलं. २००७ साली ते आलं तेव्हा पहिली आवृत्ती १५,००० प्रतींची होती. त्यातला ग्रेग स्वार्थी आहे, आळशी आहे, थापा मारतो. एखाद्या पालकाची संमती घेऊन लिहिलं असतं तर असा नायक जन्मालाच आला नसता.

मराठीत शेजारच्या बाकाची जागा पूर्वी मासिकांनी घेतली होती. वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६ पासूनचा. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' काढला. 'चांदोबा' होता. 'बालभारती'चं 'किशोर' १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघतंय आणि अजून चालू आहे. मासिकाचा मोठा फायदा असा की वर्गणी एकदाच भरायची. त्यानंतर बारा महिने वाचक आणि लेखक यांच्या मध्ये कुणी येत नाही. आईनं 'किशोर' मागवलं, आत भूत निघालं, तर ती परत पाठवत नाही. क्रमशः कादंबरीचं पहिलं प्रकरण हीच दुसऱ्या प्रकरणाची जाहिरात असते. शाळेत "या महिन्याचं वाचलंस का?" हा प्रश्न विचारता येतो, कारण सगळ्यांकडे तोच अंक आलेला असतो. 'किशोर'नं आपले जुने अंक इंटरनेटवर फुकट खुले केले आहेत. ज्याला या वयासाठी लिहायचं आहे त्यानं एक सुट्टी काढून ते वाचावेत. लेखनकार्यशाळेपेक्षा जास्त शिकायला मिळेल, आणि काय करू नये तेही भरपूर सापडेल. आज 'वयम्'सारखं मासिक या वयोगटाला धरून आहे, आणि 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक शाळाशाळांतून अल्प किमतीत लाखांच्या घरात पोचतो. एका पुस्तकाच्या हजाराच्या आवृत्तीपुढे हा आकडा ठेवून पाहावा.

ती हजाराची आवृत्ती कुठे जाते? बऱ्याच प्रती अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांत जातात. महाराष्ट्रात अशी ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत. काही प्रती शाळांच्या खरेदीत, काही प्रदर्शनांत. या प्रत्येक ठिकाणी निवडणारा मोठा माणूस आहे. पुरस्कारांतही तेच. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो आणि मराठीच्या यादीत वाचनीय पुस्तकं आहेत. 'बोक्या सातबंडे'सारखा व्रात्य पोरगा तिथे आहे, वनरक्षक असलेल्या सलीम मुल्ला यांचा 'जंगल खजिन्याचा शोध' आहे, २०२४ साली भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला तो मिळाला. भूतबंगल्याला अकादमीचा शिक्का मिळाला याचा मला विशेष आनंद झाला, कारण आता आईला नाही म्हणायला कारण उरत नाही. तरी मत मोठ्यांचंच. इंग्लंडमध्ये १९८० पासून एक पुरस्कार फक्त मुलांच्या मतांवर दिला जातो. पन्नास शाळांतल्या मुलांनी मतदान करून एक मराठी कादंबरी निवडायची, एवढी गोष्ट आपल्याकडेही एखाद्या जिल्ह्याला सहज जमेल. खर्च झेरॉक्सचा आणि टपालाचा.

समाजमाध्यमांवरून थेट मुलांपर्यंत पोचू, असं हल्ली नवे लेखक म्हणतात. तो रस्ता जवळपास बंद आहे आणि बंदच असावा. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे आपला वाचक नियमानं तिथे नाहीच. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं तर अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे. त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि त्यांच्यावर पाळत ठेवून केलेली किंवा त्यांना हेरून केलेली जाहिरात चालत नाही. "मुलांनो, तुमचं नाव, शाळा आणि फोन नंबर पाठवा, बक्षीस मिळवा" असा अर्ज पुस्तकाच्या मागे छापण्याआधी प्रकाशकानं दोनदा विचार करावा. समाजमाध्यमांवर बोलायचं ते पालकांशी आणि शिक्षकांशी, आणि त्यांना पुस्तकाचा सारांश न सांगता पहिली दोन पानं वाचून दाखवायची. मोठी माणसंही कडीकोयंड्याला फसतात.

मग मुलांपर्यंत जायचं ते पायांनी. शाळेत जाऊन वाचन करणं हा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात परिणामकारक मार्ग. पण तो नीट करावा लागतो. हॉलमध्ये चारशे मुलं मांडी घालून बसवली, मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक, पाहुण्यांना नारळ, मग लेखकाचं वाचनाचं महत्त्व या विषयावर भाषण, असं झालं की त्या लेखकाची पुस्तकं शाळेत कुणी उघडत नाही. त्याऐवजी एका वर्गात जावं, चाळीस मुलं असावीत, वाचनाच्या महत्त्वाबद्दल अवाक्षर काढू नये. गोष्ट वाचायला घ्यावी आणि ऐन मोक्याला थांबावं. "पुढे?" असा आवाज आला की पुस्तक वर्गाच्या पेटीत ठेवून निघून यावं. एकच प्रत ठेवावी. चाळीस मुलांत एक प्रत असली की तिच्यासाठी नंबर लागतात, आणि मराठी पुस्तकासाठी वर्गात नंबर लागणं यापेक्षा मोठी जाहिरात पैशांनी विकत मिळत नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. मुलांसाठीही अशा पेट्या आहेत. लेखकानं आपलं पुस्तक मोठ्या दुकानाच्या काचेत लागावं म्हणून धडपडण्यापेक्षा अशा पेटीत जावं म्हणून धडपडावं.

आणि मालिका. मराठी प्रकाशक आजही कुमार कादंबरी एकेकटी काढतात, नंतर लेखकाला म्हणतात, "ही खपली की पुढची बघू." ती खपत नाही, कारण पुढची नसते. नायक मुलाच्या ओळखीचा होतो न होतो तोच गायब होतो. निदान तीन गोष्टींचा करार एकदम व्हावा, तिन्ही सहा महिन्यांच्या आत याव्यात, कण्यावर ठळक आकडा असावा. आकडा छापण्याचा खर्च शून्य. पण कपाटात एक आणि तीन असले की दोन नाही हे मुलाला सहन होत नाही, तो आईच्या मागे लागतो, आणि तेव्हा वाटाघाटीत त्याची बाजू वरचढ असते. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी जी कोरी पानं राहतात, जिथे आपण 'आमची इतर संस्कारक्षम प्रकाशने' अशी यादी छापतो, तिथे दुसऱ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण छापावं, आणि तेही अर्धंच.